जाहिरातीखाली वाचकाचं मत दिसू द्या: ऑनलाइन जाहिराती दाखवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
ऑनलाइन जाहिराती विकणाऱ्या आणि दाखवणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांस,

स.न.वि.वि.

जाहिरातीच्या वरच्या कोपऱ्यात एक फुली असते. बोटाच्या टोकापेक्षा लहान. नेम धरून दाबली तर जाहिरात मिटते आणि करड्या चौकटीत चार कारणं पुढे येतात: जाहिरातीने मजकूर झाकला, हीच जाहिरात अनेकदा पाहिली, जाहिरात अयोग्य होती, यात रस नाही. त्यातलं एक निवडायचं. मग आभाराची एक ओळ येते आणि चौकट कोरी होते. मी वर्षानुवर्षं ही फुली दाबत आले आहे. माझं मत कुठे गेलं, ते कुणी वाचलं का, त्या जाहिरातीचं पुढे काय झालं, हे मला एकदाही कळलेलं नाही. आज तुमच्याकडे जे मागायचं आहे ते या कोऱ्या चौकटीबद्दलच आहे. पण आधी घरातली एक गोष्ट सांगते.

गेल्या वर्षी माझ्या बाबांनी फोनवर एक जाहिरात पाहून गुडघेदुखीवरचं एक यंत्र मागवलं. व्हिडिओत पांढरा कोट घातलेले एक नामवंत डॉक्टर स्वतः त्याची शिफारस करत होते. चेहरा त्यांचाच होता. मी नंतर तो व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला तेव्हा लक्षात आलं, की ओठ शब्दांच्या किंचित मागे राहतात आणि पापणी जवळजवळ लवतच नाही. पण बाबांनी तो चष्मा न लावता, फोन हातभर लांब धरून पाहिला होता. खाली पन्नासेक प्रतिक्रिया होत्या, सगळ्या कौतुकाच्या. त्या वाचून आपला निर्णय पक्का झाला, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. पार्सल आलं. चित्रात दिवा आणि बॅटरी असलेलं यंत्र होतं. खोक्यातून ताणल्या जाणाऱ्या कापडाचा एक पट्टा निघाला, कडेला चिकटपट्टी शिवलेली. खोक्यावरचा नंबर लागेना. बाबांनी पट्टा कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवला आणि घरात कुणालाही काही सांगितलं नाही. तीन महिन्यांनी जुनी कागदपत्रं शोधताना तो माझ्या हाताला लागला.

आयुष्यभर पै-पैचा हिशेब चोख ठेवलेला माणूस. फसलो हे मुलीला सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

ती जाहिरात तेव्हाही चालू होती. मी तिच्याखाली लिहिलं: ‘आम्ही हे मागवलं. चित्रातलं यंत्र आलं नाही, कापडी पट्टा आला. फोन लागत नाही. कृपया मागवू नका.’ एक शिवी नाही, एक उद्गारचिन्ह नाही. माझी कमेंट माझ्या फोनवर नीट दिसत होती. दोन दिवसांनी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला दाखवायला म्हणून तीच जाहिरात त्याच्या फोनवर उघडली, तर माझी कमेंट तिथे नव्हती. पुन्हा माझा फोन पाहिला, तर आहे. तेव्हा कळलं, की जाहिरात देणाऱ्याला आपल्या जाहिरातीखालची कुठलीही कमेंट लपवता येते, आणि लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला मात्र दिसत राहते. दोन दिवस मी समजत होते की मी लोकांना सावध करते आहे. बाबांनी ज्या पन्नास प्रतिक्रियांवर विश्वास ठेवला, त्या कशा उरल्या होत्या तेही मला तेव्हाच उमगलं. ती वाचकांची मतं नव्हतीच. जाहिरातदाराने गाळून ठेवलेला गाळ होता तो.

माझी मागणी साधी आहे. ज्या वाचकाला जाहिरात दाखवली जाते, त्याला तिच्याबद्दल जाहीरपणे मत देता यावं, ते मत जाहिरातीला चिकटून राहावं, पुढच्या वाचकाला जाहिरातीबरोबरच दिसावं, आणि ते पुसण्याचा अधिकार जाहिरातदाराच्या हातात नसावा.

तुम्ही म्हणाल, आम्ही मत घेतोच. खरं आहे, घेता. गूगलने 2012 मध्येच जाहिरात बंद करण्याचं बटण दिलं, आणि 2017 या एका वर्षात त्या वाटेने 5 अब्जांहून अधिक प्रतिक्रिया आल्या, त्यांच्या आधारे 10 लाख जाहिराती काढल्या, असं त्यांनीच जाहीर केलं. या आकड्याला मी कमी लेखत नाही. पण त्या 5 अब्ज मतांपैकी एक तरी मत दुसऱ्या एखाद्या वाचकाने वाचलं का? फेसबुकची मालक कंपनी मेटा जाहिरातींच्या जागेचा लिलाव करते; त्यात कुणाची जाहिरात जिंकणार, हे ठरताना पैशाबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो, आणि लोकांनी ती लपवली का, काय प्रतिक्रिया दिली, हे त्या दर्जात धरतात. इतकंच नाही, आपली जाहिरात इतरांच्या तुलनेत सरासरीपेक्षा वर आहे की खाली, हे 2019 पासून जाहिरातदाराला त्याच्या खात्यात दाखवलंही जातं. म्हणजे वाचकांचा निकाल लागतो, नोंदवला जातो, आणि ज्याच्याविरुद्ध लागला त्याला कळवलाही जातो. ज्याने वस्तूसाठी पैसे मोजायचे आहेत त्या माणसाला तेवढा तो सांगितला जात नाही.

या गुप्ततेचा एक परिणाम असा आहे की तो नीट उलगडूनच सांगायला हवा. मी ‘यात रस नाही’ दाबते तेव्हा ती जाहिरात संपत नाही. ती फक्त माझ्यापुरती थांबते. माझ्या जागी ती आणखी कुणाला तरी दाखवली जाते, आणि तो कुणीतरी कोण हे ठरवणारं यंत्र सतत शिकत असतं: कोण बंद करतं, कोण थांबून पाहतं, कोण क्लिक करतं, कोण पैसे भरतं. जाहिरात प्रामाणिक असेल तर या शिकण्यात काही वावगं नाही. ज्याला बूट हवेत त्याला बूट दिसतात. पण जाहिरात फसवी असेल तेव्हा काय होतं? ज्यांना फसवणूक ओळखता येते ते सगळे एकेक करून फुली दाबतात आणि बाजूला होतात. उरतात ते ओळखू न शकणारे. संशयी माणसाच्या प्रत्येक नकारानंतर ती जाहिरात भोळ्या माणसाकडे जास्त अचूकपणे जाते. माझ्या फुलीने मी बाबांना वाचवलं नाही, उलट त्यांचा पत्ता शोधायला हातभार लावला, हा विचार गेले काही महिने मला सोडत नाही. हेच मत मी जाहीरपणे देऊ शकले असते, तर नेमकं उलटं झालं असतं. ओळखणाऱ्याने ओळखलेलं न ओळखणाऱ्याच्या कामी आलं असतं.

वेबवरची पहिली बॅनर जाहिरात म्हणून जिचं नाव घेतात ती 27 ऑक्टोबर 1994 रोजी हॉटवायर्ड या साइटवर लागली, एटी अँड टी कंपनीची. त्या काळी पान उघडणाऱ्या प्रत्येकाला तीच पट्टी दिसे. छापील वर्तमानपत्रातही तसंच होतं. घरातल्या सगळ्यांसमोर एकच पान, त्यावर एकच जाहिरात. कुणीतरी मोठ्याने वाचायचं, कुणीतरी म्हणायचं, ‘काही खरं नाही हो याचं’, आणि विषय तिथेच मिटायचा. त्या एका वाक्यात केवढं संरक्षण होतं, हे ते गेल्यावर समजतं आहे. आता पान उघडायला लागणाऱ्या क्षणात, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, माझ्या नावावर लिलाव होतो आणि जिंकणारी जाहिरात फक्त माझ्यासमोर येते. शेजारी बसलेल्याला वेगळी, त्याच्या शेजारच्याला आणखी वेगळी. बाबांनी ती जाहिरात पाहिली तेव्हा मी त्याच खोलीत माझ्या फोनवर असेन. मला ती दिसलीच नाही, त्यामुळे ‘काही खरं नाही’ म्हणणारं कुणी नव्हतं. जाहिरातीसमोर माणसाला एकटं पाडलं ते तुमच्या तंत्राने. शेजारी बसून बोलणारं माणूस परत देणंही त्याच तंत्राला जमेल.

तुमच्याकडे तपासणारी यंत्रणा आहे हेही मला ठाऊक आहे. गूगलने 2024 या वर्षात 5.1 अब्ज जाहिराती रोखल्या किंवा काढल्या आणि जाहिरातदारांची 3.92 कोटी खाती निलंबित केली, असा त्यांचाच अहवाल आहे. आकडा थक्क करणारा आहे, पण दुसऱ्या बाजूने पाहिला तर तो तितकाच धास्ती घालतो. खातं बंद पडलं की नवं उघडणारे किती चिवट आहेत, ते त्यातून दिसतं. आणि यंत्राला मुळातच न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. ‘क्लोकिंग’ ही युक्ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे: तपासणीचं यंत्र लिंकवर गेलं की त्याला साधंसुधं पान दाखवायचं, आणि खरा माणूस गेला की सापळ्याचं. शिवाय फसवणुकीचा मोठा भाग तुमच्या पडद्याबाहेर घडतो. खोक्यातून काय निघालं, नंबर लागला का, वस्तू परत घेतली का, एकदाच म्हणून कापलेले पैसे दर महिन्याला कापले गेले का, हे कुठल्याही यंत्राला जाहिरातीकडे बघून सांगता येणार नाही. ते फक्त ज्याच्या हातात खोकं पडलं तोच सांगू शकतो. तोच तुमचा सगळ्यात जाणकार तपासनीस आहे, आणि त्याला बोलायला तुम्ही जागा ठेवलेली नाही.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 2009 मध्ये, वाचकांच्या मतांवर बातम्या वर-खाली करणाऱ्या डिग या साइटने जाहिरातींनाही बातम्यांसारखंच वाचकांच्या मतावर सोडलं होतं. वाचकांनी जाहिरात उचलून धरली की जाहिरातदाराला कमी पैसे पडायचे; खाली गाडली की दर चढत जायचा, इतका की नकोशी जाहिरात परवडेनाशी व्हावी. मला यातला न्याय फार आवडतो. पुढे 2010 च्या नव्या मांडणीने त्या साइटचे वाचक दुखावले आणि 2012 मध्ये ती विकली गेली, त्याबरोबर ही कल्पनाही मागे पडली. ती पुन्हा उचलायला हवी होती. 2018 मध्ये फेसबुकने जाहिरातीवरून खरेदी केलेल्यांना विक्रेत्याबद्दल अभिप्राय देण्याची सोय केली आणि फार वाईट अभिप्राय आले तर त्याच्या जाहिराती कमी करू असं सांगितलं. पाऊल योग्य दिशेने होतं, पण तो अभिप्रायही आतच राहिला. ट्विटरने जानेवारी 2021 मध्ये ‘बर्डवॉच’ नावाने सुरू केलेला प्रयोग, ज्याला आज ‘कम्युनिटी नोट्स’ म्हणतात, तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. तिथे वाचकांनी लिहिलेली टीप मजकुराखाली सगळ्यांना दिसते आणि ती जाहिरातींखालीही आलेली आहे. पैसे देणाऱ्याच्या मजकुराखाली, पैसे देणाऱ्याला न विचारता, वाचकांनी लिहिलेलं वाक्य! म्हणजे हे जमतं.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत.

प्रतिस्पर्धी टोळ्या करून चांगल्या जाहिरातीलाही गाडतील, हा पहिला आक्षेप येईल. यूट्यूबने नोव्हेंबर 2021 मध्ये नापसंतीचा आकडा लोकांपासून लपवला तेव्हा ठरवून केलेल्या हल्ल्यांचं हेच कारण दिलं होतं. जाहिरातींच्या बाबतीत मात्र तुमच्याकडे एक भक्कम साधन आधीपासून आहे. ती जाहिरात कुणाला दाखवली, कुणी क्लिक केलं, याची नोंद तुम्ही ठेवताच, नाहीतर जाहिरातदाराकडून पैसे कसले मागाल? मग मत देण्याचा अधिकार फक्त जिला ती दाखवली गेली त्या व्यक्तीला द्या. ज्याने नुसती पाहिली आणि ज्याने तिच्यावरून खरेदी केली, त्यांची मतं वेगळी दाखवा. कम्युनिटी नोट्समध्ये टीप सगळ्यांना दिसायला निव्वळ बहुमत पुरत नाही. एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत अशा लोकांचं तिच्यावर एकमत व्हावं लागतं. ही अट टोळीला सहज पार करता येत नाही. ती उसनी घ्या. त्याचा हिशेब करणारा कोडही जाहीर आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. जाहिरातीत दिसणाऱ्या मुलीच्या रंगावर, बांध्यावर, कपड्यांवर लोक काय काय लिहितील, याची कल्पना मला आहे; मी कमेंटचे रकाने वाचत आले आहे. म्हणून मी मोकाट कमेंटचा रकाना मागतच नाही. आधी ठरलेले थेट प्रश्न विचारा: दाखवलं तेच मिळालं का? किंमत सांगितली तीच लागली का? विक्रेत्याने उत्तर दिलं का? जाहिरात बातमीसारखी किंवा डाउनलोडच्या बटणासारखी सजवली होती का? बंद करायची फुली खरी होती का? याची आकड्यातली उत्तरं आधी दाखवा, आणि शब्दांत लिहिलेलं मत त्यामागे, ते माणसाबद्दल नसून वस्तूबद्दल आहे एवढं पाहून. जाहिरातदाराला उत्तर द्यायची जागाही हवीच, वाचकाच्या मताइतकीच ठळक. एखाद्या लहान विक्रेत्याचं पार्सल वाटेत हरवलं असेल. त्याने ‘नवं पाठवलं आहे’ असं खाली लिहिलं तर ते वाचून माझा त्याच्यावरचा विश्वास वाढेलच. उत्तर द्या, पण लपवू नका, एवढंच त्याला सांगायचं आहे. खरं तर या व्यवस्थेत सगळ्यात जास्त फायदा अशा लहान, प्रामाणिक विक्रेत्याचा आहे. आज तो आणि पट्टा विकणारा एकाच रांगेत, एकाच चौकटीत, सारख्याच चकचकीत अक्षरांत उभे असतात आणि वाचकाला दोघांत फरक करता येत नाही.

एका बाबतीत मी हट्ट धरणार आहे. मत जाहिरातीच्या चित्राला चिकटवून भागणार नाही, ते जाहिरातीचे पैसे भरणाऱ्याला चिकटलं पाहिजे. चित्र बदलायला दोन मिनिटं लागतात, पानाचं नाव बदलायलाही. पण पैसे कुठून येतात ते तुम्हाला माहीत असतं. युरोपीय संघाच्या 2022 च्या डिजिटल सेवा कायद्याने फार मोठ्या प्लॅटफॉर्मना जाहिरातींचं खुलं भांडार ठेवणं बंधनकारक केलं आहे: जाहिरात काय होती, पैसे कुणी दिले, किती काळ चालली, किती लोकांपर्यंत गेली. जाहिरात शेवटची दिसल्यावर आणखी एक वर्ष ही नोंद ठेवावी लागते. मी असं भांडार चाळून पाहिलं आहे. नोंदी असतात, तारखा असतात, पण ती जाहिरात पाहून ज्यांनी पैसे भरले त्यांचं काय झालं, याचा रकाना नाही. तो एक रकाना वाढवा. कायदा सांगेपर्यंत थांबायची गरज नाही.

जाहिराती नकोतच, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मी वाचते त्यातलं कितीतरी जाहिरातींच्या पैशावर फुकट मिळतं, आणि काही जाहिरातींनी मला खरोखर उपयोगी वस्तूंपर्यंत पोचवलं आहे. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायलाही मला आज जागा नाही.

काल रात्री ती जाहिरात मला पुन्हा दिसली. डॉक्टर तेच, कोट तोच, विकणाऱ्याचं नाव दुसरं. खाली एका बाईंनी लिहिलं होतं: ‘आईसाठी घ्यायचं आहे. कुणी वापरलं आहे का?’ त्याखाली ओळीने लाल बदाम आणि ‘खूप छान’, ‘लगेच फरक पडला’ अशी वाक्यं. मी उत्तर लिहिलं. ते त्यांना दिसलं की नाही, हे मला इथून कळायला मार्ग नाही.

त्यांची आई अजून थांबलेली असेल. मी तुमच्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
एक वाचक